डीएफएस रेप्लिकेशन

डीएफएस रेप्लिकेशन ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर या कार्यप्रणालीतील एक सेवा आहे. दोन किंवा अधिक फाइल सर्व्हरांवरील निवडक फोल्डर परस्परांशी जुळते ठेवणे हे तिचे कार्य होय. 'डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिम रेप्लिकेशन' या नावाचे हे संक्षिप्त रूप असून तंत्रज्ञांमध्ये ती 'डीएफएसआर' या नावानेही ओळखली जाते. गटातील एखाद्या सर्व्हरवर फाइल नव्याने तयार झाली, तिच्यात बदल झाला, तिचे नाव बदलले किंवा ती काढून टाकली गेली, तर तोच बदल गटातील इतर सर्व्हरांवर आपोआप केला जातो. विंडोज सर्व्हर २००३ आर२ या आवृत्तीबरोबर ही सेवा प्रथम उपलब्ध झाली.

मुख्यालय आणि दूरच्या शाखा यांच्यात एकच कागदपत्रे वापरात ठेवणे, शाखांमधील फाइली मुख्यालयात गोळा करून तेथे त्यांचा बॅकअप घेणे, आणि एक सर्व्हर बंद पडल्यास दुसऱ्यावरून काम चालू ठेवणे, असे तिचे तीन प्रमुख उपयोग आहेत. मात्र ही सेवा बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. चुकून काढून टाकलेली फाइल ती इतर सर्व्हरांवरूनही तितक्याच तत्परतेने काढून टाकते.

इतिहास

विंडोज एनटीच्या काळात एका सर्व्हरवरील फोल्डर दुसऱ्यावर उतरवण्यासाठी एक साधी एकदिशा यंत्रणा होती. विंडोज २००० मध्ये तिची जागा 'फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस' अर्थात एफआरएस या सेवेने घेतली. डोमेन कंट्रोलरांवरील 'सिसव्हॉल' हा फोल्डर सर्वत्र सारखा ठेवणे हे तिचे मुख्य काम होते. लॉगऑनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइली या फोल्डरात असतात.

एफआरएसमध्ये दोन मोठे दोष होते. फाइलमध्ये एक शब्द बदलला तरी ती संपूर्ण फाइल पुन्हा पाठवली जात असे. शाखांना जोडणाऱ्या संथ जोडण्यांवर हा भार असह्य होई. दुसरे म्हणजे, दोन सर्व्हरांवर एकाच नावाचे फोल्डर स्वतंत्रपणे तयार झाले, तर त्यांपैकी एकाच्या नावाला विचित्र शेपूट जोडून दोन्ही ठेवले जात आणि ती गुंतागुंत प्रशासकाला हाताने सोडवावी लागे.

डिसेंबर २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ आर२ सोबत आलेली डीएफएस रेप्लिकेशन ही एफआरएसची सुधारित आवृत्ती नसून नव्याने लिहिलेली सेवा होती. विंडोज सर्व्हर २००८ पासून सिसव्हॉलसाठीही तिचा वापर शक्य झाला. जुन्या सेवेवरून नव्या सेवेकडे टप्प्याटप्प्याने जाण्यासाठी 'डीएफएसआरमिग' हे साधन देण्यात आले. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये केवळ वाचनासाठी असलेल्या प्रतींची सोय आली. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये पॉवरशेलच्या आज्ञा आणि डेटाबेसची नक्कल करून नवा सदस्य लवकर उभा करण्याची सोय आली. विंडोज सर्व्हर २०१९ चा डोमेन कंट्रोलर एफआरएस वापरणाऱ्या डोमेनमध्ये सामील करता येत नाही. त्यामुळे उरलेल्या संस्थांनाही स्थलांतर करणे भाग पडले.

मूलभूत संज्ञा

रेप्लिकेशन ग्रुप म्हणजे परस्परांत फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सर्व्हरांचा गट. गटातील प्रत्येक सर्व्हरला सदस्य म्हणतात. सदस्यांनी जुळता ठेवायचा फोल्डर तो रेप्लिकेटेड फोल्डर. एका गटात असे अनेक फोल्डर असू शकतात आणि ते सर्व गटाचे वेळापत्रक व जोडण्या वापरतात. फोल्डरचा डिस्कवरील मार्ग प्रत्येक सदस्यावर वेगळा असला तरी चालतो.

जोडणी ही एका सदस्याकडून दुसऱ्याकडे जाणारी एकदिशा वाट होय. दोन सदस्यांत दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण व्हावी यासाठी अशा दोन जोडण्या लागतात. केवळ एकच जोडणी ठेवून एकदिशा प्रत तयार करण्याचा प्रयत्न काही प्रशासक करतात. परंतु त्यासाठी वाचनापुरती प्रत वापरणेच योग्य मानले जाते.

डीएफएस नेमस्पेस ही याच कुटुंबातील दुसरी सेवा आहे. वेगवेगळ्या सर्व्हरांवरील फोल्डर वापरकर्त्याला एकाच पत्त्याखाली दाखवणे हे तिचे काम. दोन्ही सेवा अनेकदा एकत्र वापरल्या जात असल्याने त्यांच्यात गल्लत होते. वस्तुतः नेमस्पेस फाइली हलवत नाही आणि रेप्लिकेशन पत्ता दाखवत नाही. यांपैकी कोणतीही एक दुसरीविना चालू शकते.

कार्यपद्धती

बदलांची नोंद

एनटीएफएस ही फाइलव्यवस्था आपल्या डिस्कवर घडणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद एका रोजनिशीत ठेवते. तिला यूएसएन जर्नल म्हणतात. डीएफएस रेप्लिकेशन ही रोजनिशी सतत वाचते. त्यामुळे तिला सर्व फोल्डर पुन्हा पुन्हा तपासत बसावे लागत नाही. फाइल बंद झाल्यावर ती पाठवण्यासाठी घेतली जाते. कोणी ती इतरांना वाचता येणार नाही अशा रीतीने उघडून ठेवली असेल, तर ती बंद होईपर्यंत थांबावे लागते. प्रत्येक डिस्क-विभागासाठी सेवा एक स्वतंत्र डेटाबेस ठेवते. तो 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या संरक्षित फोल्डरात असतो.

कोणाकडे काय आहे

प्रत्येक बदलाला, तो ज्या सदस्यावर घडला त्याची ओळख आणि चढता क्रमांक मिळतो. आपल्याकडे कोणत्या सदस्याचे कितव्या क्रमांकापर्यंतचे बदल पोचले आहेत, याचा तक्ता प्रत्येक सदस्य जवळ बाळगतो. या तक्त्याला व्हर्जन व्हेक्टर म्हणतात.

उदाहरणार्थ, पहिल्या सर्व्हरच्या तक्त्यात 'अ : १००, ब : ४०' अशी नोंद आहे आणि दुसऱ्याच्या तक्त्यात 'अ : ९४, ब : ४०' अशी आहे, असे समजा. तक्त्यांची तुलना केली की दुसऱ्याला 'अ'चे ९५ ते १०० हे सहा बदल हवे आहेत, हे लगेच कळते. फाइलींची यादी पडताळण्याची गरज उरत नाही. जोडणी काही तास तुटली तरी ती पूर्ववत होताच दोन्ही बाजू तक्ते जुळवतात आणि नेमके उरलेले बदल मागवले जातात. पोचायचे राहिलेल्या अशा बदलांच्या संख्येला बॅकलॉग म्हणतात.

केवळ बदललेला भाग पाठवणे

या सेवेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे 'रिमोट डिफरन्शियल कॉम्प्रेशन', अर्थात आरडीसी. डॅन टिओडोसिउ, निकोलाय ब्यॉर्नर, युरी गुरेविच, मार्क मॅनासी आणि जो पोर्का यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात या पद्धतीचे विवेचन आहे.

फाइलचे लहान खंड पाडले जातात आणि प्रत्येक खंडाचा हॅश, म्हणजे छोटा अंकीय ठसा, काढला जातो. घेणारा सर्व्हर आपल्याकडील जुन्या प्रतीचे ठसे पाठवणाऱ्याच्या ठशांशी ताडून पाहतो. जे ठसे जुळतात ते खंड तो स्वतःच्या प्रतीतून उचलतो. जे जुळत नाहीत तेवढेच जाळ्यावरून मागवतो.

खंडांच्या सीमा ठरावीक लांबीवर न पाडता मजकुरावरून ठरवल्या जातात, ही यातील कळीची बाब आहे. सीमा ठरावीक लांबीवर असत्या, तर फाइलच्या आरंभी एक अक्षर घातल्याबरोबर पुढचे सारे खंड एका अक्षराने सरकले असते आणि एकही ठसा जुळला नसता. मजकुरावर आधारलेल्या सीमा मजकुराबरोबरच सरकतात, म्हणून बदल झालेल्या जागेच्या पुढचे खंड पूर्वीसारखेच ओळखू येतात. पूर्वनिर्धारित मांडणीनुसार ६४ किलोबाइटपेक्षा लहान फाइलींना ही पद्धत लावली जात नाही. त्या संपूर्ण पाठवणेच स्वस्त पडते. आधीच संकुचित किंवा कूटबद्ध केलेल्या फाइलींमध्ये छोट्या बदलानेही पुढील बहुतेक बाइट बदलतात; तेथे या पद्धतीचा लाभ अल्प असतो.

स्टेजिंग

फाइल पाठवण्यापूर्वी तिची संकुचित प्रत एका लपवलेल्या फोल्डरात तयार केली जाते. यास स्टेजिंग फोल्डर म्हणतात. घेणाऱ्या बाजूलाही फाइल आधी येथे पूर्ण होते आणि मगच आपल्या जागी जाते, त्यामुळे अर्धवट फाइल वापरकर्त्याच्या हाती पडत नाही. या फोल्डरची पूर्वनिर्धारित मर्यादा ४ गिगाबाइट असते. ती ९० टक्के भरली की सेवा जुन्या प्रती काढू लागते आणि वापर ६० टक्क्यांवर आल्यावर थांबते.

संघर्षाचा निवाडा

सर्व सदस्यांना लिहिण्याचा समान अधिकार असतो. साहजिकच एकच फाइल दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी बदलली जाण्याची शक्यता राहते. अशा वेळी सेवा दोन्ही मजकूर एकत्र करत नाही. ज्याने शेवटी लिहिले त्याची प्रत टिकते. एकाच नावाच्या दोन वस्तू स्वतंत्रपणे निर्माण झाल्या असतील, तर आधी निर्माण झालेली टिकते.

मुख्यालयातील कर्मचाऱ्याने अंदाजपत्रकाची फाइल सकाळी ११ वाजता जतन केली आणि जोडणी बंद असताना शाखेतील कर्मचाऱ्याने तीच फाइल ११ वाजून ५ मिनिटांनी जतन केली, तर जोडणी सुरू झाल्यावर मुख्यालयातील संपूर्ण काम बाजूला पडते. त्या कर्मचाऱ्याला याची कोणतीही सूचना मिळत नाही. हरलेली प्रत 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलिटेड' या लपवलेल्या फोल्डरात बदललेल्या नावाने ठेवली जाते आणि मूळ नावाची नोंद शेजारच्या एक्सएमएल फाइलमध्ये होते. या फोल्डरलाही आकाराची मर्यादा आहे. तो भरत आला की जुन्या प्रती कायमच्या नष्ट होतात. म्हणून हरवलेले काम परत मिळवायचे असल्यास ते लवकर शोधावे लागते.

उभारणी

पूर्वतयारी

सर्व सदस्य सर्व्हर एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरी फॉरेस्टमधील डोमेनमध्ये असावे लागतात, कारण गटाची सर्व मांडणी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवली जाते. फोल्डर एनटीएफएस डिस्क-विभागावर असावा लागतो. रीएफएस किंवा फॅट चालत नाही. प्रत्येक सर्व्हरवर ही भूमिका स्थापित करून सर्व्हरांमधील फायरवॉलमध्ये आरपीसीची वाट मोकळी ठेवावी लागते. शेवटी लिहिणाऱ्याचा निवाडा वेळेवरून होत असल्याने सर्व सर्व्हरांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक आहे.

जोडण्यांची रचना

व्यवस्थापन-साधनात गट तयार करताना जोडण्यांच्या रचनेसाठी तीन पर्याय मिळतात:

• केंद्र व शाखा : प्रत्येक शाखा केवळ केंद्राशी बोलते. यासाठी किमान तीन सदस्य लागतात. शाखांमधून फाइली गोळा करण्यासाठी ही रचना सोयीची. केंद्र बंद पडल्यास शाखांमधील देवाणघेवाण थांबते, म्हणून बहुधा दोन केंद्रे ठेवली जातात.

• पूर्ण जाळे : प्रत्येक सदस्य इतर सर्वांशी जोडलेला असतो. सदस्यांची संख्या दहापर्यंत असेल तरच ही रचना योग्य समजली जाते. दहा सदस्यांत ९० एकदिशा जोडण्या होतात आणि पुढे ही संख्या झपाट्याने वाढते.

• स्वनिर्मित : जोडण्या नंतर हाताने घातल्या जातात. त्या घालेपर्यंत काहीही देवाणघेवाण होत नाही.

यानंतर वेळापत्रक आणि बँडविड्थची मर्यादा ठरवली जाते. कार्यालयीन वेळेत कमी आणि रात्री पूर्ण वेग, अशी मांडणी शाखांसाठी केली जाते.

प्राथमिक सदस्याची निवड

आरंभी कोणत्या सदस्यावरील मजकूर प्रमाण मानायचा, हे प्रशासकाने सांगावे लागते. त्या सदस्यास प्राथमिक सदस्य म्हणतात. संपूर्ण उभारणीतील ही सर्वांत जोखमीची पायरी होय. इतर सदस्यांवर आधीपासून फाइली असतील, तर प्राथमिक सदस्याशी तंतोतंत जुळणाऱ्या फाइली तशाच राहतात. वेगळ्या असलेल्या फाइली त्यांची तारीख नवी असली तरी हरतात. आणि प्राथमिक सदस्यावर मुळीच नसलेल्या फाइली 'प्री-एक्झिस्टिंग' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात हलवल्या जातात. नवा रिकामा सर्व्हर चुकून प्राथमिक म्हणून निवडला गेला, तर भरलेल्या सर्व्हरवरील फोल्डर वापरकर्त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा होतो. अशा वेळी फाइली हलवलेल्या फोल्डरातून परत मिळू शकतात. तरीही उभारणीपूर्वी स्वतंत्र बॅकअप घेण्याचा नियम यामुळेच पाळला जातो.

प्राथमिक सदस्याचा हा मान केवळ आरंभापुरता असतो. पहिली फेरी पूर्ण झाली की सर्व सदस्य समान होतात. नव्या सदस्याची पहिली फेरी संपल्याची नोंद इव्हेंट लॉगमध्ये ४१०४ या क्रमांकाने होते. ती दिसेपर्यंत त्या सदस्यावर वापरकर्त्यांना पाठवू नये.

पूर्वभरण

२०० गिगाबाइटचा फोल्डर १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवरून पूर्ण वेगाने पाठवला, तरी सुमारे ४४ तास लागतात. प्रत्यक्षात जोडणीवर इतर कामेही असल्याने हा काळ बराच वाढतो. त्यामुळे फाइली आधीच डिस्कवरून नेऊन किंवा 'रोबोकॉपी' या साधनाने उतरवून ठेवल्या जातात. यास पूर्वभरण म्हणता येईल. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : फाइल जुळते की नाही हे ठरवताना मजकुराबरोबर तिच्यावरील परवानग्याही विचारात घेतल्या जातात. परवानग्या न उतरवता केवळ मजकूर उतरवला, तर पूर्वभरणाचे श्रम वाया जातात.

व्यवस्थापन

उभारणी संपल्यावर खरे काम सुरू होते. बंद पडलेले रेप्लिकेशन वापरकर्त्याला दिसत नाही. त्याच्यापुढील फाइली उघडतात, जतन होतात, आणि दोन सर्व्हरांवरील मजकूर मात्र हळूहळू दुरावत जातो. म्हणून प्रशासकाने पुढील गोष्टी नियमितपणे पाहणे अपेक्षित असते.

बॅकलॉग : दिवसा तो वाढणे आणि रात्री उतरणे स्वाभाविक आहे. तो दिवसेंदिवस वाढतच राहिला, तर जोडणी अपुरी आहे किंवा स्टेजिंग कमी पडत आहे, असे समजावे. 'डीएफएसआरडायग' या साधनाने किंवा पॉवरशेलमधील आज्ञेने दोन सदस्यांमधील बॅकलॉग पाहता येतो. तो प्रत्येक दिशेला स्वतंत्र असतो.

स्टेजिंगचा आकार : फोल्डरमधील सर्वांत मोठ्या ३२ फाइलींच्या एकत्रित आकाराइतकी मर्यादा किमान ठेवावी, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे, वाचनापुरत्या प्रतीसाठी १६ फाइली धरतात. मोठ्या ३२ फाइली प्रत्येकी ५०० मेगाबाइटच्या असतील, तर ही बेरीज १६ गिगाबाइट होते आणि ४ गिगाबाइटची पूर्वनिर्धारित मर्यादा अगदीच तोकडी ठरते. मर्यादा कमी असल्यास नुकतीच तयार केलेली प्रत काढून टाकून ती पुन्हा तयार करण्याचे चक्र सुरू होते.

आरोग्य अहवाल : व्यवस्थापन-साधनातून सर्व सदस्यांचा एकत्रित अहवाल काढता येतो. चाचणीची एक फाइल सोडून ती सर्वत्र किती वेळात पोचली, हेही मोजता येते.

अकस्मात बंद पडणे : वीज गेल्याने किंवा अन्य कारणाने सर्व्हर अव्यवस्थितपणे बंद झाला, तर सेवा आपल्या डेटाबेसची पडताळणी करते. काही आवृत्त्यांत ती २२१३ क्रमांकाची नोंद करून प्रशासकाच्या आज्ञेची वाट पाहत थांबून राहते. ही नोंद नजरेआड झाली, तर रेप्लिकेशन कित्येक दिवस बंद राहू शकते.

दीर्घकाळ दूर राहिलेला सदस्य : काढून टाकलेल्या फाइलींच्या नोंदी डेटाबेसमध्ये कायम राहत नाहीत. फार काळ बंद असलेला सदस्य परतला, तर इतरांनी केव्हाच काढून टाकलेल्या फाइली त्याच्याकडून पुन्हा जिवंत होण्याचा धोका असतो. यासाठी ६० दिवसांची मर्यादा असून ती ओलांडलेल्या सदस्याचा तो फोल्डर ४०१२ क्रमांकाची नोंद करून थांबवला जातो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हे संरक्षण आपोआप चालू असते.

सदस्य गटातून काढल्यास त्याच्या डिस्कवरील फाइली नष्ट होत नाहीत. फक्त देवाणघेवाण थांबते. वरच्या पातळीवरील फोल्डरच्या परवानग्या बदलल्यास खालील सर्व फाइली बदलल्या असे धरले जाऊन प्रचंड बॅकलॉग तयार होतो. असे बदल सुटीच्या दिवशी करणे इष्ट.

मर्यादा

• फाइल एका ठिकाणी उघडली असताना दुसऱ्या ठिकाणी तिला कुलूप लावण्याची सोय नाही. म्हणून अनेकांनी एकाच वेळी संपादित करायच्या कागदपत्रांसाठी ही सेवा अनुरूप नाही. नेमस्पेसमध्ये एकच सर्व्हर चालू ठेवून इतर राखीव ठेवणे हा यावरील रूढ उपाय आहे.

• सतत उघड्या राहणाऱ्या डेटाबेसच्या व आउटलुकच्या पीएसटी फाइलींसाठी ती योग्य नाही.

• ईएफएसने कूटबद्ध केलेल्या आणि 'तात्पुरती' अशी खूण असलेल्या फाइली पाठवल्या जात नाहीत. टीएमपी व बीएके या प्रकारच्या आणि नावाच्या आरंभी '~' असलेल्या फाइली पूर्वनिर्धारित गाळणीत वगळल्या जातात.

• फाइलींवरील परवानग्या पाठवल्या जातात, परंतु शेअरवरील परवानग्या प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे द्याव्या लागतात.

• विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून एका सर्व्हरवर एकूण १०० टेराबाइट, एका डिस्क-विभागावर ७ कोटी फाइली आणि एका फाइलसाठी २५० गिगाबाइट या आकारापर्यंत मायक्रोसॉफ्टने चाचण्या केलेल्या आहेत.

बॅकअपशी असलेला फरक

रेप्लिकेशन वर्तमान स्थितीच्या अनेक प्रती राखते; बॅकअप भूतकाळातील स्थिती जपतो. खंडणीसाठी फाइली कूटबद्ध करणारा रॅन्समवेअर एका सदस्यावर शिरला, तर बिघडलेल्या फाइली 'नवा बदल' म्हणून सर्व सदस्यांवर पोचतात. वापरकर्त्याने काढून टाकलेली फाइल इतर सदस्यांवर 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलिटेड' फोल्डरात काही काळ राहते, परंतु ज्या सर्व्हरवर ती काढली तेथे राहत नाही, आणि हा साठाही मर्यादेपलीकडे टिकत नाही. म्हणून किमान एका सदस्याचा नियमित बॅकअप घेणे आणि त्यातून फाइली परत मिळतात याची मधूनमधून खात्री करणे अनिवार्य ठरते. आभासी सर्व्हर जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेणे हा मात्र बॅकअपचा पर्याय नव्हे. त्यामुळे सदस्याचा तक्ता मागे जातो आणि इतरांशी त्याचा मेळ तुटतो.

तत्सम प्रणाली

लिनक्स व युनिक्स संगणकांवर 'आरसिंक' हे साधन प्रचलित आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या त्याच्या पद्धतीतही केवळ बदललेला भाग पाठवला जातो. मात्र ते सतत चालणारी सेवा नसून आज्ञा दिल्यावर काम करते. मायक्रोसॉफ्टची 'अझुर फाइल सिंक' ही सेवा क्लाउडमधील साठा मध्यवर्ती ठेवून अनेक सर्व्हर त्याच्याशी जुळते ठेवते.

हेही पाहा

• ॲक्टिव्ह डिरेक्टरी
• विंडोज सर्व्हर
• एनटीएफएस
• आरसिंक
• बॅकअप